हात धुऊन बघा, मॅडम

आयुष्यात आपल्याला दोनच गोष्टी नीट जमल्या, असं छायाबाई गांगुर्डे म्हणत. एक, निकाल लिहिणं. दुसरी, चेहऱ्यावर काही न दाखवणं. पहिली निवृत्तीबरोबर सुटली. दुसरी काही केल्या सुटेना.

चांदवडकडच्या कांदेवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी. वकिली केली, परीक्षा दिली, दंडाधिकारी झाली, आणि शेवटची नऊ वर्षं लाचलुचपतीच्या खटल्यांची विशेष न्यायाधीश म्हणून बसली. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या न्यायाधीशांनी त्यांना सांगितलं होतं, "बाई, सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. फिर्यादी बघतो, आरोपी बघतो, वकील तर बघतातच. तेव्हा तोंडाची भिंत करा." छायाबाईंनी भिंत केली. ती इतकी पक्की झाली, की थोरला भाऊ गेला त्या दिवशी भावजयीनं रडता रडता विचारलं, "अक्का, कोर्टात बसल्यासारख्या काय हो बसलात?"

त्यावर त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईट वाटत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं आणि त्या चहा करायला उठल्या.

निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या घरात त्यांची सकाळ पेपर वाचण्यात जाई आणि दुपार पेपरची घडी घालण्यात. कधी पेपरात बातमी येई, की त्यांनी शिक्षा दिलेला अमुक माणूस वरच्या कोर्टात सुटला. त्या बातमी पूर्ण वाचत, मग हवामान वाचत. दोन्हींत फारसा फरक पडत नसे.

अशात एक दिवस सोमनाथ कोटमे सरांचा फोन आला. हे सर कधीकाळी त्यांच्या कोर्टात पंच म्हणून साक्षीला उभे होते. लाच घेताना धाड पडते तेव्हा सरकारी नोकरांनाच पंच म्हणून नेतात, तसं तरुणपणी त्यांना नेलं होतं. आता ते सायखेड्याच्या पुढच्या एका गावात शाळेचे मुख्याध्यापक होते.

"मॅडम, नागरिकशास्त्र शिकवायला आमच्याकडे कोणी तयार नसतं," सर म्हणाले. "इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. शिवाजी महाराजांपर्यंत पोरं जागी असतात, ग्रामपंचायत आली की झोपतात. आठवड्यातून एक तास याल का?"

छायाबाई हो म्हणाल्या. नाही म्हणायला काही कारण सापडेना, म्हणून म्हणाल्या.

दर मंगळवारी निमाणीवरून बस धरायची, चांदोरी ओलांडून सायखेड्याला उतरायचं, तिथून रिक्षा. पाचवी ते दहावीची लहानशी शाळा. एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला फुलांचे मळे. पोरं त्यांना 'जजमॅडम' म्हणायची. शिकवताना छायाबाई कधी रागावत नसत आणि कधी हसत नसत. एका पोराला गोष्ट कळली नाही तर तीच पुन्हा सांगत, तिसऱ्यांदा सांगत, चौथ्यांदाही त्याच आवाजात सांगत. असं शिकवणारं पोरांना आधी कोणी भेटलं नव्हतं.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला तास म्हणजे गुलाबी पाण्याचा. लाच मागणाऱ्याला कसं पकडतात, ते त्यांनी करूनच दाखवलं. प्रयोगशाळेतून पांढरी पूड आणली आणि एका जुन्या नोटेला चोळली. आठवीतल्या वेदिकानं ती नोट हातात घेतली. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तिनं बोटं बुडवली, आणि वाडग्यातलं पाणी झर्रकन गुलाबी झालं. वर्गातून "आईशप्पत!" असा एकच आवाज उठला.

"हात खोटं बोलत नाहीत," छायाबाई म्हणाल्या. सरकारी वकील हे वाक्य कोर्टात दर खटल्यात म्हणत. त्यांच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं.

नंतर शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आली. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. दरवर्षी सर हुशार पोरांची नावं वाचून दाखवत आणि टाळ्या वाजत. यंदा खरी निवडणूक घ्यायची ठरली. सरांनी रीतसर पत्र काढून छायाबाईंना निवडणूक अधिकारी नेमलं. छायाबाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्याची मतपेटी करवून घेतली, चिन्हं ठरवून दिली आणि अर्ज कसा भरायचा ते फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दोन मंगळवार बुडाले.

तिसऱ्या मंगळवारी त्या काळा चष्मा लावून आल्या, तेव्हा व्हरांड्यात नळाच्या वर भिंतीवर नवंकोरं पाण्याचं फिल्टर बसलं होतं. पोरं रांगेनं पाणी पीत होती. आठवीच्या वर्गात शिरताच सगळे उभे राहिले.

"मॅडम, निवडणूक झाली!"

"झाली? मतपेटी तर माझ्या घरी आहे."

"पेटी लागलीच नाय. बिनविरोध झाली!" वेदिका आनंदानं म्हणाली. "ओम मुख्यमंत्री."

ओम मागच्या बाकावर संकोचून हसत उभा होता. गोरागोमटा, चांगला मुलगा. त्याच्या वडिलांचा द्राक्षांचा व्यापार.

"बिनविरोध कशी झाली, ते सांगा," छायाबाई म्हणाल्या.

मग वर्गानं एकमेकांची वाक्यं तोडत सांगितलं. मुख्यमंत्री व्हायला तिघं तयार होती. मग भांडण नको म्हणून पोरांनी चिंचेखाली बसून बोली लावली. शाळेला जो जास्त देईल तो मुख्यमंत्री. वेदिकाचे आजोबा भिंतीवरचं घड्याळ द्यायला तयार झाले. ओमच्या पप्पांनी फिल्टर सांगितलं. ओमच्या नावावर तीनदा पुकारा झाला आणि टाळ्या पडल्या.

"ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?"

"कोणी नाय. गावात असंच करतेत," एक जण म्हणाला. "देवळाच्या सभामंडपाला जो जास्त देईल तो सरपंच. भांडणं होत नाय, मॅडम. आणि मंडप पण होतो."

"तिसरं कोण होतं?"

खिडकीजवळ बसलेली हर्षाली उभी राहिली. तिची आई, मंगलाबाई, नाशिकच्या फुलबाजारात झेंडू नेऊन विकते. पोरगी तासाला कधी बोलत नसे, पण वहीत सगळं उतरवून घेई.

"मी होते."

"तू काय बोललीस?"

"झेंडूच्या माळा. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. सगळ्या शाळेला पुरतील एवढ्या."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. हर्षालीनं तिकडं पाहिलं नाही. ती छायाबाईंच्या काळ्या चष्म्याकडे पाहत होती.

"माझं भाषण पाठ होतं, मॅडम," ती म्हणाली. "माझी काय चूक झाली, तेवढं सांगा. मी बसते."

छायाबाईंनी तिला हातानं थांब म्हणून खुणावलं. ओमकडे वळून त्या म्हणाल्या, "ओम, मागच्या महिन्यात आपण लाच म्हणजे काय ते शिकलो. हे काय झालं मग?"

ओम खरोखरच गोंधळला. "पण मॅडम, कोणी पैसे घेतलेच नाय! मी नोटेला हात पण नाय लावला." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "हात धुऊन बघा, मॅडम. गुलाबी व्हायचे नाय."

त्याचं बघून शेजारच्यानं हात पुढं केले, मग त्याच्या शेजारच्यानं. पाहता पाहता अख्ख्या वर्गानं हात पुढं केले. काही हातांना शाई होती, काहींना माती, एकाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. सगळे तळवे वर, अगदी खात्रीनं. वेदिका तर पळत जाऊन सोड्याच्या पाण्याचा वाडगाच घेऊन आली. ओमनं बोटं बुडवली. पाणी जसं होतं तसंच राहिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

छायाबाई त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. पोरांची काही चूक नव्हती. शिकवलं तेवढंच ती शिकली होती. लाच म्हणजे गुलाबी पाणी, आणि पाणी गुलाबी नाही म्हणजे लाच नाही. आपणही नऊ वर्षं हेच करत होतो, त्यांच्या मनात आलं. टेबलावर बाटल्या यायच्या, लाखेनं बंद केलेल्या. खटला उभा राहीपर्यंत इतकी वर्षं जायची, की आतलं गुलाबी पाणी विटून साध्या पाण्यासारखं दिसायचं. मग वकील लोक त्याच्यावर तासन् तास बोलायचे.

"बसा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं आज सांगते."

आणि त्यांनी अंबूबाईची गोष्ट सांगितली.

अंबूबाई ही भाजीचा मळा करणारी म्हातारी. नवरा गेल्यावर सातबाऱ्याला तिचं नाव लावायचं होतं. एका सरकारी माणसानं त्यासाठी लाच मागितली. ती देणार नाही म्हणाली, आणि तक्रार द्यायला गेली. धाड पडली, पंच हजर होते. त्या माणसाचे हात धुतले, पाणी गुलाबी झालं. कशातच शंका नव्हती.

"मग त्याला किती शिक्षा झाली?" ओमनं विचारलं.

"मी त्याला सोडलं."

"पण मॅडम, पाणी गुलाबी झालं होतं ना!" वेदिका म्हणाली.

"सरकारी नोकरावर खटला भरायचा तर त्याच्या वरच्या साहेबाची मंजुरी लागते. त्या कागदावर ज्यानं सही केली होती, त्याला तो अधिकारच नव्हता. खरे साहेब रजेवर होते, म्हणून खालच्यानं करून टाकली. सही चुकीची, म्हणून खटला चुकीचा. नवीन मंजुरी घेऊन पुन्हा खटला भरता येईल, असं मी निकालात लिहून ठेवलं. पण तो कोणी भरला नाही."

"मग ती आजी?"

"निकाल ऐकून ती जागेवरून उठली आणि मला म्हणाली, बाई, मग मी खोटं बोलले का?"

"तुम्ही काय सांगितलं?" हे हर्षालीनं विचारलं.

"मी काहीच बोलले नाही. न्यायाधीशानं असं बोलायचं नसतं. मी पुढची केस पुकारायला सांगितली."

मग हर्षालीनं पुन्हा विचारलं. पोरी अशा बाबतीत सोडत नाहीत.

"पण ती खोटं बोलली होती का, मॅडम?"

"नाही," छायाबाई म्हणाल्या. "खरं बोलली होती. अगदी पहिल्या शब्दापासून."

अकरा वर्षांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. निघालं तेही दंडाची रक्कम वाचून दाखवावी तशा कोरड्या आवाजात. काहीच झालं नाही. त्या आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकत राहिल्या.

"आणि तुझीही काही चूक झालेली नाही, हर्षाली. चूक माझी झाली. हात खोटं बोलत नाहीत, असं मी म्हणाले होते. ते खरं नाही. हात स्वच्छ असतात आणि गोष्ट वाईट असते, असंही होतं. ओमनं कोणाचं वाईट केलं असं त्याला वाटत नाही, आणि त्यानं मुद्दाम केलेलंही नाही. पण या शाळेत एकशेवीस मुलं आहेत. मुख्यमंत्री कोण हवा, हे त्यातल्या कितीजणांना विचारलं?"

ओम आपले ओले हात चड्डीला पुसत होता.

मधल्या सुट्टीत सर त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेले. दार लोटलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, फिल्टरसाठी दोन वर्षं मी प्रस्ताव पाठवतोय. बोअरचं पाणी तुम्ही प्यालात कधी? दर आठवड्याला चार पोरं पोट धरून घरी जातात. आता कुठं बसलंय. शाळेतलं मुख्यमंत्रिपद, हो! वर्षभर प्रार्थनेला पुढं उभं राहायचं, यापलीकडे काय असतं त्यात?"

"काहीच नसतं," छायाबाई म्हणाल्या.

"मग राहू द्या की. ओम वाईट नाही."

"नाही, चांगला आहे."

"मग?"

छायाबाईंनी पिशवीतून नेमणुकीचं पत्र काढलं. "यावर सही तुमचीच आहे ना?"

सर नको तिथं हसले. "माझीच. शिक्का पण आहे. तपासून घ्या, नाहीतर उद्या म्हणाल अधिकार नव्हता!"

"तपासलं," त्या म्हणाल्या. मग तिथंच टेबलावर एका कोऱ्या कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या. बोली लावून झालेली निवड रद्द. पुढच्या मंगळवारी गुप्त मतदान. ओम, वेदिका आणि हर्षाली, तिघंही उभी राहू शकतात. फिल्टरचा निवडणुकीशी संबंध नाही. ते शाळेला द्यायचं असेल तर बिनशर्त द्यावं, नसेल तर परत न्यावं.

सरांनी वाचलं. "परत नेतील ते," ते म्हणाले. "मी ओळखतो त्यांना."

"हो. मलाही तसंच वाटतं."

"आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही?"

छायाबाईंनी प्रामाणिकपणे आत शोधून पाहिलं, कपाटात हात घालून किल्ली शोधावी तसं. "सध्या नाही," त्या म्हणाल्या. "पण चूक काय आणि बरोबर काय, ते कळतंय. माझं काम इतकी वर्षं तेवढ्यावरच चाललंय, सर."

सरांनी कागद स्वतःच्या हातानं फळ्याला लावला. पण त्या दिवशी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला ते आले नाहीत.

शुक्रवारी ओमचे वडील माणूस घेऊन आले आणि फिल्टर काढून नेलं.

मंगळवारी छायाबाई आल्या, तेव्हा भिंतीवर चार भोकं होती आणि फिल्टरच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. पोरं पुन्हा नळाला तोंड लावून पाणी पीत होती. छायाबाई तिथं थांबल्या, ओंजळ धरून त्याच नळाचं पाणी प्यायल्या. मचूळ होतं.

मतदान रीतसर झालं. वर्गाच्या कोपऱ्यात साडी बांधून आडोसा केला होता. वेदिकानं आपलं नाव मागं घेतलं होतं. हर्षालीचं चिन्ह फूल, ओमचं चिन्ह सायकल. दोघांनी भाषणं केली. हर्षाली मधेच अडखळली, पण पुढचं आठवून तिनं पूर्ण केलं. ओमनं दोनच वाक्यं म्हटली, आणि दुसरं म्हणताना तो लाजला. पाचवीतल्या एका चिमुरड्यानं चिठ्ठी घेऊन आडोशाआडून विचारलं, "जजमॅडम, मी कोणाला देऊ?" छायाबाई म्हणाल्या, "ते मला सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही." तो बराच वेळ आत राहिला.

दुपारी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उघडल्या. एकशेवीसपैकी एकशेबारा हजर. पाच बाद. ओमला एकसष्ट. हर्षालीला सेहेचाळीस.

म्हणजे पुन्हा ओमच. टाळ्या वाजल्या. सरांनी खालच्या आवाजात म्हटलं, "तेच झालं ना, मॅडम? आणि पाणी गेलं ते गेलंच." त्यात टोमणा नव्हता, नुसती दमणूक होती. एकशेवीस पोरांचं चांगलं पाणी गेलं होतं आणि हाती आला होता तोच मुलगा. निकाल वाचून संपल्यावर कोर्टात जे व्हायचं तेच आत झालं. काहीच नाही.

त्या पिशवी आवरत होत्या, तेवढ्यात ओम आला. हातात वहीचा फाडलेला कागद.

"मॅडम, ग्रामसभेत अर्ज द्यायचाय. फिल्टरसाठी. ग्रामपंचायतीनं द्यावं म्हणून. पप्पांना नाय सांगितलं अजून." त्यानं आवाज बारीक केला. "यावर सही कोणाची चालती? माझी चालती का सरांची लागती? नायतर चुकीच्याची व्हायची आणि अर्ज फुकट जायचा. त्या आजीसारखा."

छायाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांनी त्याला समजावून सांगितलं, की ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावातले अठरा वर्षांवरचे मतदार, त्यामुळे त्याची सही चालणार नाही. सरांची शाळेच्या वतीनं हवी, आणि सोबत पालकांच्या घेतल्या तर उत्तम. ओमला एकदा सांगून कळलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानंच त्यांना सांगून दाखवलं.

"पहिली सही कोणाच्या आईची घेशील?" त्यांनी विचारलं.

ओमनं विचार केला. "हर्षालीच्या. ती नाय म्हणली तर?"

"तर नाही म्हणेल. विचारायला काय लागतं?"

शाळा सुटल्यावर रिक्षा मिळेपर्यंत छायाबाई फाट्यावर उभ्या होत्या. मागून हर्षाली आली. शेजारी उभी राहून चपलेनं माती उकरत राहिली. तिची समजूत घालायला हवी, हे छायाबाईंना कळत होतं. पण त्यांना सुचणारी सगळी वाक्यं निकालपत्रातली होती.

"हरलीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो." हर्षालीनं मान हलवली. "पण सेहेचाळीस, मॅडम! बोली लावली तेव्हा माझ्याकडून एकपण नव्हतं. टाळ्या सगळ्यांनी ओमसाठीच वाजवल्या."

"मग हे कोण असतील?"

"तेच तर कळंना ना! एक मी. एक माझा भाऊ, सहावीतला. त्याचा पण भरवसा नाय, त्याला सायकल लय आवडती." ती बोटं मोजायला लागली आणि थांबली. "म्हणजे चव्वेचाळीस जण हायेत आणि मला म्हाईतच नाय कोण ते. त्या दिवशी जो हसला होता ना माळांना, तो पण असू शकतो. काय सांगावं?"

"काही सांगता येत नाही," छायाबाई म्हणाल्या. "ते गुप्तच असतं."

"म्हणून मी आज सगळ्यांशीच नीट बोलले," हर्षाली म्हणाली. "वेदिकाशी पण. तिच्याशी कट्टी होती, तरी. उगाच एखादं मत असायचं आणि आपण तोंड फिरवायचो."

रिक्षा आली. छायाबाई आत बसल्या, मांडीवर खोक्याची मतपेटी. हर्षाली वाकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली, अगदी जवळून, फिर्यादी बघतो तशी.

"ओ मॅडम!"

"काय गं?"

"हसल्या तुम्ही!"

"मी? नाही."

"हसल्या! आता, इथं." तिनं स्वतःच्या गालाला बोट लावून जागा दाखवली. "म्या बघितलं ना."

छायाबाईंनी गालाला हात लावून पाहिला. बोटांना काही कळलं नाही. पण मुलगी खोटं बोलत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. आणि या वेळी त्यांनी पुढची केस पुकारली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस तर हसले असेन."